पाठ पुढे, धार मागे

चाळिशी उलटलेल्या माणसाने काहीतरी नवे शिकायला घ्यावे, असे अलीकडे सगळेच सांगतात. डॉक्टर सांगतात, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या सांगतात, आणि निवृत्तीला टेकलेले सहकारी तर फारच कळकळीने सांगतात. या उपदेशाला मान देऊन आमच्या महाविद्यालयातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक बासरी शिकू लागले, इतिहासाच्या बाईंनी पोहण्याचा वर्ग धरला, आणि ग्रंथपाल मोडी लिपी शिकून आता जुनी दप्तरे चाळीत बसतात. या सर्वांचे यथायोग्य कौतुक झाले. मी मात्र गेल्या वर्षी जे शिकलो, ते ऐकून प्राध्यापकांच्या खोलीत क्षणभर शांतता पसरली. मी वस्तरा परजायला शिकलो.

‘परजायला म्हणजे?’ रसायनशास्त्राच्या तरुण प्राध्यापकांनी विचारले. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवून त्याची धार जागेवर आणायची, एवढाच त्याचा अर्थ, असे मी सांगितले. बासरीवाल्यांनी बासरी खाली ठेवून तेथल्या तेथे हिशेब मांडला. दोन-चार रुपयांच्या ब्लेडमध्ये आठवड्याच्या दाढ्या होतात. तेव्हा रोज दहा मिनिटे पट्टा घासणे हा मनुष्यबळाचा उघड अपव्यय होय. हिशेब बिनचूक होता. अर्थशास्त्राचे हिशेब नेहमीच बिनचूक असतात. त्यात घरातली माणसे धरलेली नसतात, एवढेच.

मराठीचा मास्तर असल्यामुळे माझे पहिले पाऊल, सवयीप्रमाणे, शब्दांवरच पडले. वस्तरा हा शब्द फारसीतल्या ‘उस्तुरा’पासून आपल्याकडे आला. हजामत अरबीतली. मूळ अर्थाने ती दाढीशी संबंधितच नव्हे. तुंबड्या लावून रक्त काढणे हा तिचा खरा अर्थ. रक्त काढणारा आणि केस काढणारा माणूस एकच असल्यामुळे शब्द एका कामावरून दुसऱ्या कामावर सरकला. (शिकाऊ हातांनी केलेली हजामत पुष्कळदा मूळ अर्थाशी प्रामाणिक राहते, हा भाग वेगळा.) संस्कृतात वस्तऱ्याला ‘क्षुर’ म्हणतात आणि त्यावरून आलेले ‘क्षौर’ आपल्या धर्मकृत्यांत अजून टिकून आहे. कठोपनिषदाने तर आत्मज्ञानाच्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेचीच उपमा दिली. ती धार किती तीक्ष्ण आणि ओलांडायला किती कठीण हे ऋषींनी सांगितले. ती तीक्ष्ण राहावी म्हणून रोज सकाळी काय करायचे, हे मात्र सांगितलेले नाही. ते सांगणारा माणूस मला साताऱ्याच्या एका गल्लीत भेटला. पण त्याच्याकडे मी का गेलो, ते आधी सांगायला हवे.

आमचे अण्णा आता ८२ वर्षांचे आहेत. सातारा जिल्ह्यातल्या निरनिराळ्या गावी त्यांनी ३६ वर्षे मास्तरकी केली आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. एक दिवसाआड सकाळी सहाला ते दाढी करीत, आणि ती वस्तऱ्यानेच करीत. हा वस्तरा त्यांनी नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत पुण्याच्या बोहरी आळीतून आणला होता. त्याच्या पात्यावर ‘सोलिंगेन’ ही अक्षरे कोरलेली आहेत. सोलिंगेन हे जर्मनीतले पात्यांचे गाव. तेथे न बनलेल्या मालावर ते नाव घालता येऊ नये म्हणून १९३८ साली तिकडे कायदाच झाला. अण्णांना त्या कायद्याची माहिती असण्याचे कारण नाही. ‘वस्तू चांगली आहे’ एवढेच ते म्हणत, आणि त्यांच्या तोंडून ‘चांगली आहे’ हे शब्द माणसांच्या वाट्याला क्वचितच आले.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातांना कंप सुटला. चहाची कपबशी वाजू लागली, सही ओळीवरून उतरू लागली, आणि एके दिवशी त्यांनी वस्तरा आपल्या हाताने फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. मी विजेवर चालणारे यंत्र आणले. त्यांनी ते सुरू करून कानाशी धरले, ‘भुंगा आहे हा,’ असा शेरा मारला आणि परत दिले. मग गावातला एक मुलगा घरी येऊन दाढी करून जाऊ लागला. मुलगा सज्जन, हात हलका, ब्लेड दर वेळी नवे. चौथ्या खेपेला अण्णांनी त्याला दुप्पट पैसे दिले आणि म्हणाले, ‘बाळ, तू चांगलं काम करतोस. आता येऊ नकोस.’

त्यांची अडचण दाढीची नव्हती. आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्यांच्या हनुवट्या धरून ‘इकडे बघ’ म्हटले, त्याला आपली हनुवटी परक्याच्या हातात द्यायची सवय नव्हती. दाढी वाढली. तीन आठवड्यांत ते आरशासमोर उभे राहीनासे झाले. पुढे दारात खुर्ची टाकून बसेनासे झाले. मग सकाळी कोणी भेटायला आले तर झोपल्याचे सोंग घेऊ लागले. म्हातारपणी माणूस एकेक खोली सोडीत आत आत सरकत जातो म्हणतात. दोन खुंट वाढल्यावर एक खोली, असा तो हिशेब आमच्या घरात चालला होता.

एका रात्री ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, ‘वस्तरा गंजला असेल.’

‘मी करू का दाढी?’ मी विचारले.

‘तुला परजता येतो?’

‘नाही.’

‘मग?’

बोलणे तेथे संपले. पण त्या ‘मग’ मध्ये नकार नव्हता, अट होती. तेवढा फरक मला वयाच्या ४५ व्या वर्षी कळू लागला आहे.

आता ही विद्या खुद्द अण्णांपाशीच का शिकलो नाही, असे वाचक विचारतील. एक तर हात धरून दाखवणे त्यांना शक्य नव्हते. दुसरे असे की, लहानपणी मी त्यांच्यापाशी तिसापर्यंतचे पाढे शिकलो आहे. पाढे अजून येतात. शिकतानाचेही सगळे आठवते. तेव्हा दुसरा गुरू शोधणे हे उभयतांच्या हिताचे होते.

पण शोधू लागल्यावर ध्यानात आले की, परजणारे हातच राहिलेले नाहीत. त्यांना कोणी हाकलले नाही. ते हळूहळू रिकामे झाले. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन गृहस्थाने टाकाऊ पात्याचा रेझर बाजारात आणला, तेव्हा १९०३ साली त्याचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. एखादा माणूस दुकान बंद करून घरी गेला असता. पुढच्याच वर्षी त्याचे ९० हजारांवर रेझर खपले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना तेच देण्यात आले, आणि युद्धावरून परतलेले लोक घरी स्वतःच दाढी करू लागले. तरी आपल्याकडे केशकर्तनालयांतून भिंतीला लटकलेला पट्टा पुष्कळ वर्षे टिकला. १९८६ साली भारतात एड्सचे पहिले रुग्ण आढळले. रक्तातून पसरणाऱ्या रोगांविषयी लोक जागे झाले, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते हवे, ही मागणी सर्वस्वी रास्त ठरली. आज कारागिराच्या हातात दिसतो तो वस्तऱ्यासारखाच असतो, पण त्याच्या तोंडात ब्लेडचा अर्धा तुकडा बसवलेला असतो. काम झाले की तुकडा टाकून द्यायचा. टाकून द्यायच्या वस्तूला परजायचे कशाला? पट्टा उतरला, आणि त्या खिळ्याला दिनदर्शिका लागली.

ज्यांचा मी शिष्य झालो, त्यांना सगळी गल्ली ‘मामा’ म्हणते. वय ७८. मुलाचे पुण्यात वातानुकूलित सलून आहे, नातू संगणकावर काम करतो. मामांचे स्वतःचे दुकान म्हणजे एक खुर्ची, एक आरसा, पाण्याची वाटी, तुरटीचा खडा आणि खुंटीवरची जुनी धोकटी. दोन-चार समवयस्क गिऱ्हाइके येतात, ती दाढीपेक्षा गप्पांसाठी. मी फडके सोडून अण्णांचा वस्तरा पुढे ठेवला. त्यांनी तो उघडला, नखावर अलगद टेकवला, उजेडाकडे धरून एक डोळा मिटला आणि विचारले, ‘कुनाचा?’

‘वडिलांचा.’

‘हाताला वळण हाय त्यांच्या. वरबाडल्याली न्हाई धार कुठं.’

हे प्रशस्तिपत्र मी त्याच संध्याकाळी घरी पोहोचवले. अण्णा काही बोलले नाहीत. पण रात्री नेहमीपेक्षा अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

मामांनी प्रथम निसण्यावर पाणी टाकून वस्तऱ्याची धार नव्याने काढून दिली. ते काम त्यांनी मला शिकवले नाही. ‘ह्ये वरसातनं एकदा-दोनदा. त्येवढ्यापुरतं माझ्याकडं या. रोजचं काम पट्ट्याचं. त्ये शिका.’ निसणा आणि पट्टा यांतला हा भेद मला तोवर ठाऊक नव्हता. दगड पोलाद खातो. तो पात्याचा थोडासा भाग झिजवून नवी धार उघडी करतो. पट्टा जवळजवळ काहीच काढून घेत नाही. दाढी करताना धारेची अतिसूक्ष्म कड इकडेतिकडे कलते, वाऱ्याने ज्वारीचे ताटे कलावे तशी. पट्टा तिला पुन्हा सरळ उभी करतो आणि गुळगुळीत करतो. धार गेलेली नसते. नुसती वाकलेली असते.

केसासारख्या मऊ वस्तूने पोलाद वाकावे, याचे मला नवल वाटे. पुढे वाचनात आले की, हे नवल शास्त्रज्ञांनाही वाटले होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले आणि २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. पाते केसाहून सुमारे ५० पट कठीण असते. तरीही केस तिरपा आला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची आतली घडण असमान असली, म्हणजे धारेचा कपचा उडतो. कठीण वस्तू तिच्याहून कठीण वस्तूनेच मोडते, असे नाही. घरातली माणसे बोलण्यातल्या ज्या शब्दांनी दुखावतात, तेही काही दगडासारखे नसतात.

शिकवणीचा पहिला आठवडा मामांनी माझ्या हाती वस्तरा दिला नाही. एक जुने, धार पार घालवलेले पाते दिले. ‘चामडं कापलं तर नवं मिळतं. बोट न्हाई मिळत,’ हे त्यांचे शैक्षणिक धोरण. पट्टा म्हशीच्या चामड्याचा, दोन-अडीच इंच रुंद, हात-सव्वा हात लांब. मागच्या अंगाला जाड सुती कापडाची दुसरी पट्टी. वरचे टोक खिळ्याला अडकवायचे, खालचे डाव्या हाताने ओढून धरायचे. पट्टा ताठ हवा. तो झोळीसारखा पडला की पाते त्याच्या पोटात बुडते आणि धार सरळ होण्याऐवजी गोल होते. नवे शिकणारे बहुतेक येथेच धार घालवतात, असे मामा म्हणाले.

मग पाते पट्ट्यावर सपाट निजवायचे. त्याची जाड पाठही टेकली पाहिजे आणि धारही. वस्तऱ्याची पाठ उगाच जाड ठेवलेली नसते. ती टेकली म्हणजे धारेचा कोन आपोआप ठरतो. साधारण १६-१७ अंशांचा हा कोन कारखान्यातच बांधून दिलेला असतो. आपण फक्त तो बिघडवायचा नाही. आता पाते सरकवायचे, ते पाठ पुढे आणि धार मागे अशा रीतीने. दाढी करताना धार पुढे असते; परजताना ती मागून येते. टोकाला पोहोचले की वस्तरा उलटायचा तो पाठीवर. पाठ पट्ट्याला चिकटलेलीच राहते, धार वरून वळून दुसऱ्या अंगावर निजते, आणि परतीचा प्रवास सुरू होतो. उलट केले, म्हणजे धारेवरून वळवले, की पट्टा चिरला म्हणून समजावे. आणि पात्याची लांबी पट्ट्याच्या रुंदीहून जास्त, म्हणून जाताना थोडे तिरपे जायचे, म्हणजे मुठीकडच्या भागापासून टोकापर्यंत सगळ्या धारेला चामडे लागते.

‘पाठ फुडं, धार मागं,’ मामा म्हणत. दिवसातून शंभर वेळा म्हणत. ‘आन् जोर न्हाई. वस्तऱ्याचं वजन हाय तेवढं पुरं. सर, तुमी त्येला फकस्त वाट दावा.’

जोर लावायचा नाही, हे सांगायला सोपे आहे. मनगटाला मात्र ते पटवावे लागते. धार लावायची म्हणजे घासायचे, घासायचे म्हणजे दाबायचे, अशी आपली समजूत. मी वीस वर्षे शिकवतो आहे, आणि आमच्या सगळ्या धंद्यावरच निसण्याची छाया आहे. मूल बोथट दिसले की आम्ही त्याला दगडावर घेतो. परीक्षेला घासतो, शेऱ्यांनी घासतो, ‘धारेवर धरणे’ हा वाक्प्रचार तर आमच्या खोलीत रोज वापरला जातो. कधीकधी दगड लागतोही. मामाही वर्षातून एकदा निसणा काढतातच. पण रोज दगडावर घेतलेल्या पात्याचे शेवटी काय होते? पातळ होत होत सुतळीएवढे उरते. अशी मुले मी पाहिली आहेत. हुशार, धारदार, आणि हात लावला तर मोडतील अशी. त्यांच्यातली पुष्कळशी बोथट झालेलीच नव्हती. नुसती वाकली होती.

‘परजणे’ या आपल्या क्रियापदाची याच सुमारास मला मौज वाटू लागली. आपण तलवारी परजतो, शब्द परजतो, लेखण्या परजतो. त्यात हवेत हात फिरवून समोरच्याला दाखवण्याचा भाग मोठा. मोबाईल हातात आल्यापासून तर प्रत्येकाच्या घरी एकेक शस्त्रागार आहे, आणि त्यातली सारी शस्त्रे चोवीस तास परजलेली. वस्तऱ्याचे परजणे अगदी उलटे. ते भिंतीकडे तोंड करून, खाली मान घालून, कोणाला न दाखवता करायचे. मोठ्या आवाजाला तेथे किंमत नाही. पट्ट्यावरून येणारा आवाज एकसारखा, मऊ आणि दोन्ही दिशांना सारखा असला पाहिजे. जाताना एक आणि येताना दुसरा आवाज आला, की एका बाजूची पाठ उचलली जाते आहे असे ओळखावे.

धार राखणाऱ्या माणसाला ती कोठे चालवायची नाही, हेही कळते. मामांच्या दुकानात संत सेना महाराजांची तसबीर आहे. महाराजांनी आपल्या धंद्यातली हत्यारेच अभंगात नेऊन त्यांना परमार्थाचे अर्थ दिले, हे मी वर्गात शिकवतो. पण मामांना दुसरी गोष्ट सांगताना मला जास्त आनंद झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या केशवपनावर बहिष्कार टाकला होता. धर्माची आज्ञा म्हणून शास्त्री पाने उलटत होते. सुधारक त्यावर लेख लिहीत होते. आणि ज्यांच्या हातात प्रत्यक्ष वस्तरा होता, त्यांनी तो मिटून ठेवला. मामांनी गोष्ट शांतपणे ऐकली. मग म्हणाले, ‘मिटता आला पायजे. उघडाया कुनालाबी येतंय.’

पंधराव्या दिवशी त्यांनी अण्णांचा वस्तरा माझ्या हाती दिला, आणि महिन्याभराने आपला जुना पट्टा खिळ्यावरून काढून माझ्या पिशवीत घातला. पैसे घेतले नाहीत. चामड्याला हाताची ऊब आणि तळव्याचे तेल लागले की ते चांगले राहते, म्हणून परजण्याआधी त्यावरून दोनदा तळवा फिरवायचा, एवढे बजावले. त्या पट्ट्यावर मधोमध काळसर, चकचकीत वाट पडली आहे. साठ वर्षांच्या तळव्यांची ती वाट आहे.

घरी मी पट्टा ओसरीवरच्या खिळ्याला अडकवला. अण्णांची खाट आतल्या खोलीत. दाराआडून त्यांना दिसत काही नव्हते. मी आधी कापडावर वीस खेपा घेतल्या, मग चामड्यावर. पाठ पुढे, धार मागे. घरात दुसरा आवाज नव्हता. मोजता मोजता मी चाळिसाशी आलो आणि आतून आवाज आला, ‘चाळीस झाले. पुरे.’

ते मोजत होते. माझ्या पाढ्यांच्या वेळी मोजत असत, तसेच.

गरम पाण्यात पिळलेला रुमाल मी त्यांच्या चेहऱ्यावर दोन-तीन मिनिटे ठेवला. पाण्याने केस मऊ पडतो आणि पात्याला कमी त्रास देतो. मग साबणाचा फेस. मग डाव्या हाताने त्यांच्या कानापुढची कातडी वर ताणून धरली आणि तेवढ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. अण्णांच्या चेहऱ्याला मी यापूर्वी कधी हात लावला नव्हता. पायांना लावला होता, सणासुदीला. दवाखान्यात जाताना दंडाला धरले होते. चेहरा मात्र नेहमी समोर, टेबलापलीकडे असे. तो हाताला फार मऊ लागला. गालाची हाडे वर आली होती आणि कातडी त्यावर सैल, पातळ कागदासारखी. ज्या चेहऱ्याला सारी शाळा भ्यायची, तो इतका मऊ असेल, असे मला वाटले नव्हते.

कातडीशी तीसेक अंशांचा कोन धरून, केसांच्या दिशेने, आखूड आखूड हात मारीत मी खाली आलो. येथेही मामांचेच वाक्य कामी येत होते: जोर नाही, वस्तऱ्याचे वजन पुरे. खुंट कापले जाताना बारीक करकर ऐकू येते. ती ऐकू येत होती. गळ्यापाशी आलो तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि मान मागे टाकली. कंप हातांचा होता. ते हात त्यांनी एकमेकांत गुंतवून पोटावर घट्ट धरून ठेवले होते. मान अगदी स्थिर होती. आमच्या दोघांच्या आयुष्यात त्यांनी माझ्यावर इतका विश्वास आधी कधी टाकला होता का, हे मी आठवू लागलो आणि मग आठवणे सोडून दिले; कारण लक्ष हातात हवे होते.

तुरटी फिरवून झाल्यावर मी आरसा पुढे धरला. त्यांनी उजवा गाल पाहिला, डावा गाल पाहिला, हनुवटीखाली बोट फिरवले. पेपर तपासताना फिरवीत तसेच.

‘चांगली आहे,’ ते म्हणाले.

त्याला आता आठ महिने झाले. एक दिवसाआड सकाळी सहाला पट्टा वाजतो. दाढी झाली की ते दारात खुर्ची टाकून बसतात, रस्त्याने जाणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांना थांबवतात आणि त्यांची नोकरी, मुले, पगार यांची विचारपूस करतात. बोलण्यातला पूर्वीचा दगड कमी झाला आहे, की मला आता आवाजातला फरक कळू लागला आहे, हे सांगणे कठीण. कंप वाढतो आहे. मध्ये एकदा त्यांनी माझे नाव विसरून धाकट्या काकांचे नाव घेतले आणि लगेच सुधारले. काही गोष्टी वाकल्या असतील तर सरळ होतात; काही झिजतच जातात, आणि तेथे पट्ट्याचा इलाज नाही. हे त्यांनाही ठाऊक आहे, मलाही.

गेल्या रविवारी दाढी आटोपल्यावर त्यांनी एकदम विचारले, ‘तू कशाने करतोस?’

‘ब्लेडने.’

‘हं.’ थोडा वेळ ते रस्त्याकडे पाहत राहिले. ‘हा जर्मन आहे, पण साधं पोलाद आहे. याला गंज लवकर चढतो. वापरात ठेवायचा. नुसता कपाटात ठेवायचा नाही, कळलं? काम झालं की कोरडा पुसायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं.’

‘हो, अण्णा.’

‘धारेकडून नाही पुसायचं. पाठीकडून.’

मी पाते पाठीकडून कोरडे पुसले, खोबरेल तेलाचे बोट फिरवले आणि वस्तरा मिटला. सोमवारी सकाळी त्यांच्या दाढीची पाळी नव्हती. तरीही मी सहाला उठलो, पट्टा ओढून धरला, वीस खेपा कापडावर घेतल्या आणि मग चामड्याकडे वळलो. आतल्या खोलीत त्यांनी कूस बदलल्याचा आवाज आला. चाळिसाव्या खेपेला मी थांबलो, आणि स्वतःच्या गालाला साबण लावला.